काटा खाली आला तेव्हा : पसरणी घाटात तापलेल्या एका जुन्या गाडीचं प्रकरण

मे २०२३ मधला शनिवार, सकाळचे पावणेअकरा. वाई मागे टाकून पसरणी घाट निम्मा चढून झाला होता. शेजारी बाबा, मागे आई, डिकीत पाचगणीच्या आत्यासाठी आंब्याची पेटी. एसी चालू, गाडी दुसऱ्या गिअरवर. तापमानाचा काटा अर्ध्यावरून पाऊणपर्यंत चढला म्हणून मी एसी बंद केला. काटा क्षणभर तिथेच थांबला आणि पुढच्या वळणात सरळ अर्ध्याच्याही खाली उतरला.

"आली जाग्यावर," बाबा म्हणाले. मलाही तसंच वाटलं. मी एसी परत लावला आणि चढत राहिले.

आणखी दोनेक किलोमीटर गेल्यावर इंजिनातून डब्यात वाटाणे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढेना. तापलेल्या गाडीचा हीटर पूर्ण गरमवर लावायचा, म्हणजे इंजिनातली थोडी उष्णता केबिनमध्ये येते, हे ऐकून माहीत होतं. एसी बंद करून हीटर लावला, तर मे महिन्यात, तापलेल्या इंजिनातून गार हवा आली. तिचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. रेडिएटरचा, म्हणजे इंजिनातलं पाणी गार करणाऱ्या जाळीचा, पंखाही फिरत नव्हता. पुढच्या वळणाआधी जरा रुंद जागा होती, तिथे गाडी कडेला घेतली, बंद केली आणि मागच्या चाकांना दगड लावले. बॉनेटच्या फटीतून वाफ निघत होती.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण त्या घाटात नाही, त्याआधीच्या नऊ महिन्यांत आहे. गाडी आम्हाला ऑगस्टपासून सांगत होती आणि आम्ही दर वेळी तिला पाणी पाजून गप्प करत होतो.

गाडी आणि तिचा इतिहास

२००६ सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक. चार सिलिंडर, ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा मुख्य ठोकळा, ओतीव लोखंडाचा, आणि त्यावर बोल्टने आवळलेलं झाकण, म्हणजे हेड, अ‍ॅल्युमिनियमचं. रेडिएटर त्या काळात रूढ असलेल्या प्रकारचा : मधली जाळी अ‍ॅल्युमिनियमची, वरखाली प्लास्टिकच्या टाक्या, आणि दोन्हींचा सांधा रबरी पट्टी घालून पत्र्याच्या कडा दुमडून आवळलेला. बाबांनी ती नवीन घेतली होती. २०२१ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर आरटीओत तपासणी करून नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. तोवर १ लाख १२ हजार किलोमीटर झाले होते. त्या वयाच्या मानाने गाडी नीट होती.

ऑगस्ट २०२२ मध्ये बाबांना कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली खालच्या खुणेच्याही खाली गेलेली दिसली. त्यांनी नळाचं पाणी भरलं. बाबांच्या पिढीचा हात असाच चालतो आणि त्याला कारण आहे. त्यांनी गाडी शिकली त्या काळात रोज सकाळी बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी बघणं हा दात घासण्याइतका ठरलेला भाग होता. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट वर करून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग दिसणं नवलाचं नव्हतं. त्यामुळे 'पाणी कमी झालं' हे त्यांना दुखणं वाटत नाही, तहान वाटते. पण आताच्या गाडीतली ही यंत्रणा बंद असते. पाणी इंजिनातून रेडिएटरमध्ये आणि तिथून परत इंजिनात फिरतं. तापून फुगलेलं थोडं झाकणातून बाटलीत जातं आणि गार झाल्यावर परत ओढलं जातं. धडधाकट गाडीत वर्षभरात पातळी नावापुरतीच हलते. महिन्याला पाव लिटर कमी होत असेल, तर ते कुठून तरी बाहेर पडतं आहे, एवढाच अर्थ त्यातून निघतो.

ऑक्टोबरमध्ये आम्ही पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. जमिनीवर डाग नव्हता, पाइप कोरडे दिसत होते. एक क्लिप बदलून पाणी भरून दिलं. डिसेंबरमध्ये पातळी पुन्हा खाली. या वेळी रेडिएटरमध्ये हळद टाकली गेली. जुना देशी इलाज आहे. हळदीची पूड पाण्यात फुगते, पाण्याबरोबर बारीक भोकापर्यंत जाते आणि तिथे अडकून बसते. रुंद नळ्यांच्या जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरमध्ये भोक पडलं तर रात्रीच्या वेळी पुढचं गाव गाठायला ट्रकवाल्यांना तिचा उपयोग होत आला आहे, हे मी नाकारत नाही. पण गाव गाठल्यावर ती धुऊन काढून रेडिएटर दुरुस्त करायचा असतो. आमच्या गाडीत ती तशीच राहिली. अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरच्या नळ्या चपट्या आणि चिंचोळ्या असतात. हळद काही भोक शोधून थांबत नाही, जिथे जागा अरुंद तिथे बसते.

जानेवारीत सिंहगड रोडच्या गर्दीत काटा वर जायला लागला. आता मागे वळून बघताना कारण सरळ दिसतं : पाणी कमी आणि नळ्या अर्धवट बुजलेल्या. त्यावर उपाय काय झाला, तर थर्मोस्टॅट काढून टाकला. "आपल्याकडे थंडी कुठे आहे, लागत नाही तो," असं समजावलं गेलं.

या एका वाक्याने आपल्याकडे किती इंजिनं अकाली म्हातारी होतात याचा मला खरोखर राग येतो. थर्मोस्टॅट म्हणजे साधा मेणाचा वॉल्व्ह. इंजिन गार असताना बंद राहतो, म्हणजे इंजिन लवकर तापतं. ठरावीक तापमानाला, आमच्या गाडीत ८२ अंशांना, उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. तो हिवाळ्यासाठी बसवलेला नसतो, इंजिन एका ठरलेल्या तापमानाला चालावं म्हणून असतो. तो काढला की मोकळ्या रस्त्यावर इंजिन गरजेपेक्षा गार चालतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमधली ओल उडून जात नाही. आमच्या बाबतीत त्याने आणखी एक केलं : तक्रार झाकली. काटा खाली राहायला लागला. रेडिएटर बुजलेला होता, गळत होता, पण सपाट रस्त्यावर त्याला पुरं काम पडतच नव्हतं.

फेब्रुवारीपासून बाटलीतली पातळीही कमी व्हायची थांबली. बाबा दर रविवारी बघायचे, पाणी खुणेवर. आम्हाला वाटलं, हळदीने काम केलं.

घाटात

पुण्याहून वाईला जाताना तेव्हा खंबाटकी घाट चढावा लागायचा, बोगदा परतीच्या वाटेवर होता. खंबाटकीच्या माथ्यावर काटा अर्ध्याच्या थोडा वर होता, उतारावर परत खाली आला. सुरूर फाट्याला चहा घेतला तेव्हा बॉनेटजवळ गोडसर, काकवीच्या जवळ जाणारा वास येत होता. आईला तो प्रथम आला. ऊस, गुऱ्हाळं, काहीतरी असेल असं म्हणून आम्ही निघालो. कूलंटमधल्या इथिलीन ग्लायकॉलचा वास नेमका असा असतो. तिथे दहा मिनिटं थांबून, गाडी गार होऊ देऊन बघितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, पाचगणी १,३०० मीटरच्या आसपास. जेमतेम बारा किलोमीटरच्या रस्त्यात इतकी चढण. पेट्रोल जळून निघालेल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा कूलंटने वाहून न्यायचा असतो. चढावर पेट्रोल जास्त जळतं, आणि गाडीचा वेग कमी असल्याने रेडिएटरला समोरून वाराही लागत नाही. त्यात उंचीचा परिणाम. उघड्या भांड्यातलं पाणी पाचगणीला ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. गाडीतलं उकळत नाही, कारण ते दाबाखाली असतं. घरातल्या कुकरचंच गणित. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिटी, आमच्या गाडीत ०.९ बारची. तेवढा दाब टिकला तर पाणी जवळजवळ १२० अंशांपर्यंत पाणीच राहतं. सांधा गळका असेल तर दाब टिकत नाही, आणि दाब गेला की शंभरच्या आतच आत उकळी फुटते. इंजिनच्या आत, हेडच्या सगळ्यात तापलेल्या भागात, पाण्याऐवजी वाफेचे खिसे तयार होतात.

आता तो काटा. त्याचा सेन्सर हेडमधून पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी, म्हणजे यंत्रणेच्या जवळजवळ सर्वांत उंच जागी बसवलेला असतो. तो पाण्यात बुडालेला असेल तोवर खरं सांगतो. पाणी त्याच्या खाली गेलं की त्याच्याभोवती हवा आणि वाफ उरते, आणि ती पाण्याइतकी उष्णता पोचवत नाही. काटा खाली येतो. त्याच वेळी खालचं धातू आधीपेक्षा वेगाने तापत असतं. पंख्याचा स्विचही पाण्यावरच चालतो, त्यामुळे पंखा बंद. हीटरच्या छोट्या जाळीत पाणी पोचत नाही, त्यामुळे गार हवा. मला त्या दोन किलोमीटरमध्ये मिळालेल्या तिन्ही खुणा एकच गोष्ट सांगत होत्या : इंजिनात पाणी उरलेलं नाही.

जुनी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने एवढं एक लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. काटा वर गेला, तुम्ही हीटर लावला आणि गरम हवा आली, तर पाणी अजून आहे. एसी बंद ठेवून, हीटर चालू ठेवून सावकाश सुरक्षित जागा गाठता येते. गार हवा आली तर पुढचं वळणसुद्धा घेऊ नका. चाललेल्या चढावर काटा आपणहून झपकन खाली आला, तरी तसंच.

आम्ही थांबलो तेव्हा एक टेम्पोवाले दादा मदतीला आले. पाण्याची पाच लिटरची बाटली घेऊन ते इंजिनवर ओतायला निघाले होते. बाबांनी त्यांना हात जोडून थांबवलं. लालबुंद तव्यावर पाणी मारलं की तो वाकतो, तसं तापलेलं हेड तडकू शकतं. झाकणालाही कुणी हात लावला नाही. आत शंभरच्या वरचं पाणी दाबून धरलेलं असतं, झाकण फिरवताच त्याची एकदम वाफ होऊन तोंडावर येते. आम्ही पाऊण तास सावलीत बसलो, आणि वाईहून क्रेन मागवली.

मिस्त्रींनी काय पाहिलं

वाईतले मिस्त्री साठीच्या आसपासचे. त्यांनी गाडीला दुपारी साडेतीनपर्यंत हात लावला नाही. गार होऊ दिली. मग रेडिएटरचं झाकण उघडून तोंडात बोट घातलं. बोट कोरडं बाहेर आलं. बाटली मात्र वरच्या खुणेपर्यंत भरलेली.

"ताई, बाटली बघून गाडी चालवत होता काय?"

मी हो म्हटलं. त्यांनी जे समजावलं ते मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. गाडी गार होताना आतलं पाणी आकसतं आणि पोकळी तयार होते. ती भरायला बाटलीतलं पाणी ओढलं जावं अशी रचना. पण सांधा फुटलेला असेल तर बाटलीतून पाणी ओढण्यापेक्षा त्या फटीतून हवा ओढणं सोपं पडतं. म्हणजे दर प्रवासात थोडं पाणी बाहेर, दर रात्री थोडी हवा आत, आणि बाटली जशीच्या तशी. फेब्रुवारीपासून पातळी स्थिर राहिली ती गळती थांबल्यामुळे नाही, ती वाढल्यामुळे. त्यात झाकणाचा परत ओढणारा छोटा वॉल्व्हही चिकटून बसला होता, क्षार आणि हळदीच्या लगद्याने.

"काटा खाली आला म्हणजे गार झाली असं न्हाई. काट्याला पाणीच भेटंना झालं हुतं," ते म्हणाले.

रेडिएटरमध्ये साधं पाणी भरलं तेव्हा अडीच लिटर मावलं. पूर्ण यंत्रणेत चार लिटरच्या आसपास लागतं. मग झाकणाच्या जागी हातपंप लावला, ज्याला गेज असतं. दाब ०.९ बारपर्यंत नेला. दोन मिनिटांत तो ०.४ वर आला. टॉर्चच्या उजेडात रेडिएटरच्या वरच्या टाकीच्या डाव्या कोपऱ्यात, पत्र्याची कड दुमडलेली असते तिथे, थेंब फुगून ओघळताना दिसला. त्या जागी हिरवट-पांढरा खरपुडीसारखा थर जमलेला होता. नऊ महिन्यांचा पुरावा. गळती फक्त गाडी तापून दाब आल्यावर व्हायची आणि थेंब गरम जाळीवरच उडून जायचा. सकाळी पार्किंगमध्ये फरशी कोरडी राहायची ती यामुळे. गार गाडीखाली वाकून बघणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. पंप लावून बघायला मात्र दहा मिनिटं पुरली.

इथे काम संपलं असतं तर बरं होतं. पण गाडी चालू केल्यावर रेडिएटरच्या उघड्या तोंडात बुडबुडे येत राहिले. भरताना अडकलेली हवा थोड्या वेळात संपते, हे संपेनात. मिस्त्रींनी प्लग काढले. दुसऱ्या सिलिंडरचा प्लग इतरांच्या मानाने धुतल्यासारखा स्वच्छ होता, तिथे पाणी शिरून वाफ होत होती. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजलं : पहिला १७०, दुसरा १०५, तिसरा १००, चौथा १६५ पीएसआय. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली येणं ही त्या दोघांमधलं हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर, गेल्याची खूण. मोठ्या गॅरेजमध्ये यासाठी निळ्या द्रवाची एक नळी असते. रेडिएटरवर येणारी हवा त्यातून ओढतात, जळलेला वायू मिसळलेला असेल तर द्रव पिवळा पडतो. मिस्त्रींकडे ती नव्हती आणि एवढ्या पुराव्यानंतर तिची गरजही नव्हती.

ऑइलची काडी आम्ही श्वास रोखून बघितली. ऑइल काळं होतं, दुधाळ नव्हतं. पाणी ऑइलमध्ये मिसळलं नव्हतं, म्हणजे क्रँकचे बेअरिंग वाचले असण्याची चांगली शक्यता होती.

तपासणीत सांडलेल्या पाण्यावर मिस्त्रींनी लगेच माती टाकली, मग ती गोळा करून फरशी धुतली. गॅरेजच्या दारात एक कुत्री पिलांसह झोपलेली असते. ग्लायकॉल चवीला गोड आणि जहरी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. काढलेलं जुनं कूलंटही त्यांनी गटारात न सोडता कॅनमध्ये भरून ठेवलं. घरी पाणी बदलणाऱ्यांनी, विशेषतः लहान मुलं असतील तर, याची आठवण ठेवावी.

दुरुस्त करायची का?

रात्री आत्याकडे हा विषय झाला. गाडीला बाजारात फार तर साठ-सत्तर हजार आले असते, तेही चालू स्थितीत. नोंदणीची तीन वर्षं शिल्लक. मिस्त्रींनी फोनवर अंदाज वीस हजारांचा दिला होता आणि एक अट घातली होती : हेड उतरवल्यावर तडा निघाला तर थांबायचं, मग दुसरं हेड की भंगार ते ठरवायचं. मला ही अट फार आवडली. काम सुरू करण्याआधी कुठे थांबायचं हे सांगणारा माणूस भरवशाचा असतो.

बाबा म्हणाले, "बॉडी सडलेली नाही, गिअरबॉक्स चांगला आहे. हेड निघालं नीट तर करू." भावनेचा भाग त्यात होताच, पण हिशेबही चुकीचा नव्हता. त्या पैशांत त्या अवस्थेतली दुसरी गाडी मिळाली नसती, आणि मिळाली असती तरी तिच्या रेडिएटरमध्ये काय आहे हे आम्हाला ठाऊक नसतं.

हेड उतरलं. दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या पट्टीवर गॅस्केट करपून तुटलं होतं. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीची, पाती सरकवली तर मधे ०.१२ मिलिमीटर फट. या इंजिनाला ०.०५ पर्यंत चालते. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. खाली बोल्टने आवळलेलं, वर जायला जागा नाही, मग ते मधे कमान धरतं. साताऱ्याच्या लेथवर तडा तपासून घेतला, निघाला नाही. फेस मारून, म्हणजे खालची बाजू घासून सपाट करून, हेड परत आलं. किती धातू काढला आणि उरलेली जाडी किमान मापाच्या वर आहे का, हे मिस्त्रींनी लेथवाल्याकडून कागदावर लिहून घेतलं होतं.

जुना रेडिएटर त्यांनी मला कापून दाखवला. खालच्या टाकीत पिवळट तपकिरी लगदा, नळ्यांच्या तोंडांवर पांढरे क्षार. नळाच्या पाण्याचे नऊ महिने आणि हळद, दोन्ही एकमेकांत घट्ट बसले होते. टाकीचा सांधा नव्या रबरासह परत आवळून मिळतो, पण सतरा वर्षांचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं, जाळी बुजलेली. त्यावर पैसे घालण्यात अर्थ नव्हता. नवीन रेडिएटर ३,४०० रुपयांना आला. झाकण नवीन, छापलेला आकडा जुन्याइतकाच, ०.९. जास्त दाबाचं झाकण घातलं तर जास्त चांगलं, असा एक समज आहे. जुन्या होज पाइपांवर आणि हीटरच्या जाळीवर तो दाब येतो, म्हणून तसं करू नये.

होज पाइप सगळे बदलले, इंजिनमागचा बोटभर लांबीचा बायपासही. वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, चालू होती, पण तिच्या खालच्या छिद्राशी गंजाचा ओघळ होता. आतलं सील झिरपायला लागलं की पाणी त्या छिद्रातून बाहेर येतं, ते त्यासाठीच ठेवलेलं असतं. या इंजिनात ती टायमिंग बेल्टवर चालते. बेल्ट हेडसाठी उतरवलेलाच होता, म्हणून बेल्ट आणि वॉटर बॉडी दोन्ही नवीन. नंतर फक्त वॉटर बॉडीसाठी हीच मजुरी परत द्यावी लागली असती.

थर्मोस्टॅट परत बसवला. बसवण्याआधी मिस्त्रींनी तो स्टोव्हवरच्या पातेल्यात दोरीला टांगून, शेजारी थर्मामीटर धरून उकळला. ८२ ला उघडायला लागला. पंख्याचा स्विचही त्याच पातेल्यात तपासला, ९५ ला लागला, ९० ला बंद झाला. ही दहा मिनिटांची तपासणी कुणीही घरी करू शकतं. नवीन पार्टसुद्धा कधी खराब निघतो आणि बसवल्यावर ते कळायला हेडचा बळी लागतो.

ब्लॉक आणि हीटरची जाळी उलट-सुलट धुऊन पाणी स्वच्छ येईपर्यंत दीड तास गेला. मग कूलंट अर्धं आणि बॅटरीच्या दुकानात मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर अर्धं. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट कशाला, हा प्रश्न मी स्वतः विचारलेला आहे. गंज आणि क्षार रोखणारी रसायनं त्यात असतात आणि उकळायचं तापमानही त्याने वाढतं, निम्मं मिश्रण उघड्यावरच १०७ अंशांच्या आसपास उकळतं. रंगावरून प्रकार ओळखू नये, हिरवं-लाल हे कंपनीगणिक बदलतं. डब्यावरचा प्रकार वाचून एकच धरून ठेवावा.

हवा काढायला गाडी चढावर, नाक वर करून उभी केली. झाकण उघडं, हीटर पूर्ण गरमवर, इंजिन चालू. मिस्त्री वरचा होज हाताने दाबत होते आणि तोंडात बुडबुडे येतील तसं भरत होते. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत हे चाललं. हीटरमधून कढत हवा यायला लागली तेव्हा त्यांनी झाकण लावलं.

एकूण खर्च २१,७५० रुपये, त्यात क्रेनचे २,००० आणि मजुरी ५,५००. ऑगस्ट २०२२ मध्ये गेजचा पंप लावून बघितलं असतं तर रेडिएटर, झाकण, कूलंट आणि मजुरी मिळून साडेपाच हजारांच्या आत मिटलं असतं.

नंतर

डॅशबोर्डवरच्या काट्यावर माझा भरवसा राहिला नाही. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम असा केलेला असतो की साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत मधेच उभा राहतो, चालवणाऱ्याला उगाच घोर लागू नये म्हणून. मी वरच्या होजमध्ये जोड घालून आकडा दाखवणारं छोटं मीटर बसवून घेतलं. तेही पाण्यावरच चालतं, त्यामुळे पाणी गेलं तर तेही फसवेल. पण ८६ वरून ९३ वर चढताना ते दिसतं, आणि तेवढी सूचना पुरते. बाटलीवर मार्करने रेघ मारली आणि पहिले पंधरा दिवस रोज सकाळी, गार गाडीचं, रेडिएटरचं झाकणसुद्धा उघडून बघितलं. तोंडापर्यंत भरलेलं हवं. बाटली त्यानंतरची.

नोव्हेंबरमध्ये तीच माणसं, तोच घाट. एसी बंद ठेवला होता. खंबाटकीच्या माथ्यावर ९०. पसरणीत बाबा आकडे वाचत होते, ९२, ९४, ९५, मग पंख्याचा आवाज आला आणि ९६ वरून आकडा परत फिरला. आम्ही थांबलो होतो ती जागा आली तेव्हा आई म्हणाली, हीटर लावून बघ. लावला. कढत हवा आली, आम्ही काचा खाली केल्या.

एप्रिल २०२४ मध्ये बाबांचा सकाळी सातला फोन आला. बाटली रेघेच्या नखभर खाली होती. त्यांनी पाणी घातलं नव्हतं. त्याच दिवशी गेजचा पंप लावला. खालच्या होजची क्लिप रबर बसल्यामुळे सैल झाली होती, थेंब अगदी तोंडाशी दिसत होता. दोन आटे फिरवल्यावर दाब अर्धा तास हलला नाही. मग बाबांनी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट मोजून मिसळलं, रेघेपर्यंत भरलं, आणि जुन्या रेघेशेजारी तारीख लिहिली.